बॅटरीच्या गाडीचा सोमवार

(भाज्याच्या ठकूबाई केदारी यांनी सांगितलं तसं)

आमचं गाव बघाया जाऊ म्हणता, तर ताई, पवता यावं लागंल तुमाला, कारण ते पाण्याखाली हाय. लोणावळ्याच्या वरल्या अंगाला, डोंगराच्या पोटात आमची वाडी हुती, चार घरं हितं, चार घरं तितं, पुढं भाताची खाचरं, आन् मग कंपनीची माणसं आली, साखळ्या टाकून जमीन मोजली, दगडावर दगड चढला आन् बांध उभा ऱ्हायला. पाणी चढत चढत उंबऱ्याला लागलं तवा मी परकर नेसायची, पर मला ध्यानात हाय, माझ्या बापानं चुलीतला इस्तू सुदीक भिजू दिला न्हाई, खापरात भरून घेतला आन् त्यो पुढं, आई मागं, मी तिच्या मागं, आसे आमी निघालो. आता त्या पाण्याची खाली खोपोलीला ईज करत्यात. मुंबईच्या गिरण्या चालत्यात तिच्यावर, दिवे लागत्यात. आमच्या खाचरात आता आंबेमोहोर न्हाई, ईज पिकती.

बाप माझा कमी बोलायचा, पर एका गोष्टीत लय हेकट. सोमवारी बैल जुंपायचा न्हाई. सोमवार म्हादेवाचा, त्या दिशी नंदीच्या मानंवर जू ठेवायचं न्हाई, ही रीत समद्यांचीच, पर समदे आडलं की सोडायचे, आमचा बाप सोडायचा न्हाई. चिखलणीचे दिस, वरनं पाऊस कोसळतोय, रोपं पिवळी पडाय लागली, शेजारचे औत घिऊन खाचरात, आन् आमचा पवळ्या आन् हरण्या गोठ्यात रवंथ करीत बसल्यात. लोक म्हणायचे, आरं बाबा, एक दिस जुंप की, म्हादेव काय वर बसून मोजतोय व्हय. बाप म्हणायचा, त्यो मोजत नसंल, बैल मोजत्यात.

वाडी बुडाली तशी बैलं इकली. कार्ल्याजवळ भाज्याला मामाच्या आसऱ्याला आलो, बाप दुसऱ्याच्या बांधावर मजुरी कराया लागला. बैल न्हाई, औत न्हाई, तरी सोमवार आला की त्यो खांद्यावर काय बी घ्यायचा न्हाई. कामाला जायचा, खुरपं धरायचा, पर पाटी न्हाई, पोतं न्हाई. मुकादम वरडायचा. बाप म्हणायचा, आता मीच बैल हाय माझा. आन् हसायचा न्हाई हे सांगताना. तसाच गेला त्यो. हे ध्यानात ठेवा ताई, कारण पुढं गाडीचं सांगते त्याचं मूळ हितंच हाय.

माझं लगीन भाज्यातच झालं, गेनू केदाऱ्याशी. ह्यांची बैलांची दमणी हुती, खंडाळ्याच्या ठेसनावरनं बंगलेवाल्यांचं सामान पोचवायचे. त्याच वळखीनं मला शिरीनबाईंच्या बंगल्यात काम मिळालं. पारशीण बाई, नवरा वारल्याला, पोरबाळ न्हाई, बारा म्हैने खंडाळ्यात ऱ्हायची, म्हणायची मुंबईत मला श्वास गावत नाय. तोंडानं फटकळ, पर मनानं धुतल्या तांदळागत. मी बाईसायेब म्हणायची, ती मला अरे ठकू म्हणायची, अगं कदी म्हणलीच न्हाई.

तर त्या बंगल्यात ती गाडी हुती. बॅटरीची गाडी. पैली मोठी लढाई चालू हुती तवा बाईंच्या नवऱ्यानं इलायतेवरनं मागवलेली, खास बाईंसाठी. का, तर पेट्रोलची गाडी चालू करायची तर पुढं हँडल घालून गरागरा फिरवावं लागायचं, गडीमाणूस बी घामाघूम व्हायचा, आन् हँडल उलटं मारलं तर मनगटच जायचं. ह्या गाडीला हँडल न्हाई, धूर न्हाई, वास न्हाई, आवाज न्हाई. उंच, चारी बाजूंनी काचा, आत गादी. पुढं गोल चाक बी न्हाई, एक आडवा दांडा, त्यो हिकडं ढकलला की गाडी हिकडं, तिकडं ढकलला की तिकडं. दुसरा बारका दांडा पुढं सरकवला की गाडी निघाली, बास. बैल बुजायचे न्हाईत तिला. पेट्रोलची गाडी आली की ह्यांचे बैल दमणी घिऊन गटारात, आन् ही गाडी शेजारनं गेली तरी बैल नुसता कान हलवायचा.

बाई सोता चालवायची. पर मग तिच्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरला. म्हणली, ठकू, तू माझ्या बाजूला बस, तू बघ, मी चालवते. मग काय सांगू तुम्हाला, आमची वरात. मी म्हणायची, बाईसायेब, डावीकडं म्हस हाय, बाई दांडा उजवीकडं घालायची. मी म्हणायची, पुढं चढ हाय, बाई म्हणायची तो तर मला पाठीला कळतो. आसं करत बाजारात जायचं, डाक्टराकडं जायचं, सांजच्याला बांधावर हवा खायाला जायचं. एक दिस मधीच थांबली, म्हणली उतर, हिकडनं चढ, आजपासनं तू चालव, मी बडबड करते. मी म्हणलं बाईसायेब मला न्हाई यायचं. ती म्हणली, मला तरी कुठं दिसतंय.

म्या दांडा धरला. धरला तो धरलाच.

गावात बोंब झाली. त्याला कारण हाय. तुमी शहरातल्या, तुमाला ठावं नसंल, आमच्यात बाईनं नांगराचं रुमणं धरायचं न्हाई. बी पेरावं, रोप लावावं, भात कापावं, झोडावं, कंबर मोडंपातुर समदं करावं, पर नांगरामागचा दांडा धरायचा न्हाई, धरला तर पाऊस आटतो म्हणत्यात. आन् ह्या गाडीचा दांडा रुमण्यासारखा. बाजाराला आल्याल्या भाज्याच्या माणसांनी मला बघितलं, दांडा हातात, डोईवर पदर, शेजारी पारशीण छत्री धरून बसल्याली. झालं. देवळाम्होरं भावकी बसली. आमच्या चुलत सासऱ्याला समदे आबा म्हणायचे, आबा ह्यांना म्हणले, गेनबा, तुजी बायकू रुमणं धरती, उद्या पाऊस न्हाई पडला तर कुणी निस्तरायचं.

हे खाली मान घालून बसलेले. मी बायामाणसांत मागं हुती, मला तितं बोलायचा हक न्हाई, पर मी उठले. म्हणलं, आबा, माझ्या बापानं जन्मात बायकूला रुमणं धरू दिलं न्हाई, मला दिलं न्हाई, समदी रीत पाळली, तरी त्याची वाडी पाण्यात गेली. पाऊस आटला न्हाई म्हणूनच गेली की. माझ्या रुमण्यानं पाऊस आटत असंल तर लय बरं हुईल, धरण सुकंल, माझ्या बापाची खाचरं उघडी पडत्याल, तुमी समदे या भात लावाया.  मग एक म्हातारी फिसकन हसली, तशा समद्या बाया हसल्या. त्या साली पाऊस आसा पडला की इंद्रायणीवरनं पलीकडं जायला वाट न्हवती. म्या दर बाजाराला आबांच्या दारावरनं मुद्दाम गेले, इचारलं, आबा, पाऊस बरा हाय न्हवं.

आन् सोमवारी मी गाडी काढायची न्हाई. हे मला कुणी सांगितलं न्हवतं. बंगल्यात तवा तारंची ईज आलती, म्हंजी आमच्याच पाण्याची, गाडीखान्यात यंत्र हुतं, त्याला गाडी बांधली की ती रातभर ईज पीत बसायची. बाई म्हणली, ठकू आज बाजारात जाऊ. म्या म्हणलं, आज सोमवार, आज जुंपायची न्हाई. बाई म्हणली अरे, ही काय बैल आहे. म्या म्हणलं, वढती तर बैलच, खाती तर बैलच, थकती बी बैलागत, दिस उतरंस्तवर चाल मंदावती, मग इसावा बैलागत नगं? पेट्रोलची गाडी न्हाई थकत, पेट्रोल संपलं की मरती, परत वतलं की उठती, तिला काय सोमवार आन् काय शनिवार. बाईनं काठी मागितली. म्हणली, बरं, सोमवारी आपण चालत जाऊ. आन् गेली, काठी टेकत, माझ्या खांद्यावर हात ठेवून. त्या दिशी गाडी दिसभर यंत्राला बांधल्याली, हळूहळू पीत. मला बापाची आठवण यायची ताई, खोटं कशाला बोलू. बाप गेला, बैलं गेली, सोमवार तेवढा माझ्याकडं ऱ्हायलेला.

आता भाचा. बाईंचा बहिणीचा ल्योक, रुस्तमशेठ, मुंबईचा. वाईट माणूस न्हवता, मावशीवर जीव हुता त्याचा. त्याची मोठी पेट्रोलची गाडी, तिचा डायवर बाबू, खाकी कपडे, टोपी, मिशीला तेल. दर खेपंला आमच्या गाडीकडं बघून बाबू म्हणायचा, काय ठकूबाई, तुमचं कपाट चालतंय का अजून. शेठ एक दिस व्हरांड्यात बसून बाईंना म्हणला, मासी, हिची बॅटरी म्हातारी झाली. नवी इलायतेवरनं मागवायची तर तेवढ्यात एक जुनी पेट्रोलची गाडी दारात येते. माझी गाडी सकाळी मुंबईहून निघते, जेवायला इथं. तुझी गाडी रातभर खाते आणि दिवसभरात कार्ल्यापर्यंत जाऊन येते. खंडाळ्याचा घाट उतरली तर वर यायची नाही. ही गाडी आहे की खेळणं.

मी चहाचा ट्रे घिऊन दारात हुती. म्या म्हणलं, शेठ, मी बोलू का? त्यो म्हणला बोल. म्या म्हणलं, बाईसायबांना घाट उतरायचाच कुठं हाय? बाजार, डाक्टर, ठेसन, बांध, तेवढ्यात समदं आलं, तेवढ्याला ही पुरून उरती. आन् खर्चाचं म्हणाल तर तुमची गाडी रोज मागती. आज पेट्रोल, उद्या वंगण, परवा कायतरी तुटलं, बाबू निम्मा दिस तिच्या पोटाखाली निजल्याला. दारू पिणारा ल्योक आसतो बघा, रोज थोडं थोडं नेतो, कळत बी न्हाई किती गेलं. ही आमची लेक हाय. वरीसभर काय मागत न्हाई, लग्नाला एकदम मागती, मग ते डोळ्यावर येतं. बाई मोठ्यानं हसली. शेठ हसला न्हाई, पर इचारात पडला. म्हणला, बरं, हे मान्य. पण चालवणार कोण? मासीला दिसत नाही, तुझ्याकडं लायसन नाही, फौजदारानं धरलं तर अब्रू माझ्या मासीची जाईल. दिवाळीच्या आत लायसन आण, बॅटरी मी मागवतो. नाही आणलंस तर ही गाडी शिशाच्या भावात भंगारात, आणि बाबूचा भाऊ छोटी पेट्रोलची गाडी घेऊन इथं ऱ्हाईल.

शेठ गेला तशी बाईनं मला जवळ बसवलं. मग म्हणली, ठकू, बाबूचा भाऊ आला ना, तर मला बाहेर जायचं तर त्याला सांगून जावं लागंल, आणि तो शेठला सांगंल. मी या वयात परवानगी मागू? तिच्या मोतीबिंदूच्या डोळ्यांत पाणी. म्या म्हणलं, बाईसायेब, मी आणते लायसन. बोलून तर गेले, पर माझं बी त्यात हुतं की. बाबूचा भाऊ आला तर मी परत मोरीत भांडी घासायला, आन् भाज्यातले समदे म्हणणार, बघा, बाईचा हात दांड्यावरनं सुटला. ते मला मरणापरीस वाईट.

पर मेख आशी, लायसन मिळणार पुण्यात. गाडी पुण्याला न्यायची, फौजदारासायबापुढं चालवून दावायची. आन् ही गाडी पुण्याला पोचायची न्हाई, हे समद्यांना ठावं. पेट्रोलच्या गाडीवर परीक्षा द्यावी तर ते हँडल माझ्याच्यानं फिरंना. आमी डोक्याला हात लावून बसलो. तर आमचे हे, जे कदी बोलत न्हाईत, हे म्हणले, त्यात काय, बैल एका दमात पुण्याला जातो का? मुक्काम करत जायचं. कामशेतात भाताची गिरणी हाय, तितं दिव्यापुरता डायनामो हाय, मालक माझ्या वळखीचा. तळेगावात सिनेमाचा तंबू पडलाय, त्यांचा बी डायनामो आसतो. जितं वैरण, तितं मुक्काम. ताई, मी ह्यांच्याशी लगीन केलं त्याचं सार्थक त्या दिशी झालं.

सायबानं मंगळवारचा दिस दिला, आमी शनिवारी निघालो. मी दांड्यावर, बाई शेजारी छत्री घिऊन, मागं हे भाकरीचं गाठोडं घिऊन, आन् हातात चाबूक. म्या म्हणलं, आवो चाबूक कशाला? म्हणले, हात रिकामा बरा वाटत न्हाई. आन् आमच्या मागनं बाबू, शेठची मोठी गाडी घिऊन. शेठनं काळजीपोटी धाडल्याला. पर बाबूनं काय करावं, एक जाड सोल, म्हंजी दोर, नवं कोरं, आपल्या गाडीच्या पुढल्या दिव्यावर समद्यांना दिसंल आसं गुंडाळून ठेवलं. का, तर आमची गाडी बंद पडली की वढून न्यायला. खंडाळ्यापासनं लोक इचारत्यात, काय बाबू, दोर कशाला, आन् त्यो नुसतं आमच्याकडं बोट करतोय. म्या ठरवलं, पायानं ढकलत नेईन पर ह्या दोराला हिचं अंग लागू द्यायची न्हाई.

कामशेतला दुपारच्याला पोचलो. गिरणीचा मालक म्हणला, ईज देतो, पर मला एक चक्कर. दिली. मग त्याच्या पोरांना दिली. त्याचं इंजिन धडधड करीत रॉकेलाचा धूर काढतंय आन् आमची गाडी त्याच्यावर पीत बसलीया. बाबू म्हणला, काय हो, शेवटी धुरावरच आलात का. ते मला झोंबलं, कारण खरं हुतं. म्या म्हणलं, पावण्याच्या घरी जे मिळंल ते खायाचं आसतं, आमच्या घरी ती पाण्यावर जगती.

ऐतवारी तळेगाव. शेवटच्या चढाला गाडी आशी थकली की मला तिच्यावरनं हात फिरवावासा वाटला. ह्यांना आन् बाईंना बी उतरवलं, रिकामी गाडी हळूहळू वर नेली, बाबूनं मागनं पोंगा वाजवला. तंबूवाला भला माणूस. म्हणला, रात्री ईज देता येत नाही, पडद्याला लागते. थोडी आत्ता घ्या, आणि उद्या दिवसभर लागंल तेवढी घ्या, पण गाडी माझ्या दाराशी उभी करा, लोक बघतील. लोक आले की. गाडी बघाया आले आन् मला बघून ऱ्हायले. तळेगावच्या बाया माझ्या हाताला हात लावून बघत्यात, काय फोड आलाय का, काय घट्टा पडलाय का.

सोमवारी सकाळी बाबू आला. म्हणला, काल जी थोडी ईज भरली तेवढ्यावर पुणं येतंय, उतारच हाय, चला आत्ता, आज पुण्यात मुक्काम करू, उद्या मंगळवारी सायबापुढं ताजंतवानं उभं ऱ्हावा. उद्या निघालात आन् उशीर झाला तर सायेब थांबणार न्हाई, परत बोलावणार बी न्हाई. बाईंना पटलं. ह्यांना सुदीक पटलं. समदे माझ्याकडं बघत्यात. म्या म्हणलं, आज सोमवार हाय.

बाबूनं कपाळाला हात मारला. बाई म्हणली, अरे ठकू, माझं सगळं त्यावर आहे, एक दिवस. हे म्हणले, आगं, देव बी समजून घेतो.  चुकलं तर बाईंचं गेलं, माझं गेलं, गाडी भंगारात. पर मला चिखलणीतला बाप दिसाया लागला, पाऊस अंगावर घेत गोठ्याच्या दारात उभा, समदे हसत्यात आन् त्यो हलत न्हाई. म्या म्हणलं, बाईसायेब, तुमी मला दांडा दिला, तर माझ्या रीतीनं चालवू द्या. न्हाई तर बाबू हाय, दोर हाय, वढत न्या, मी हितनं भाज्याला चालत जाते. बाई माझ्या तोंडाकडं बघत ऱ्हायली, तिला किती दिसलं कुणास ठाऊक. मग म्हणली, बाबू, तू जाऊन चहा पी. आमी आज चालत फिरणार.

दिसभर गाडी पीत ऱ्हायली. मंगळवारी तांबडं फुटायला निघालो. देहूरोड गेलं, चिंचवड गेलं, मी एकेक झाड मागं टाकतीया, म्होरं बघतीया, बाई तोंडातल्या तोंडात तिचं परमेश्वराचं नाव घेतीया, हे मागं चाबूक घट्ट धरून. खडकीला पोचलो तवा बाबू शेजारी गाडी घिऊन आला, काच खाली केली, म्हणला चालतीया की अजून. म्या त्याच्याकडं बघितलं बी न्हाई. आता सोमवारी निघालो असतो तर वाटंत पडलो असतो का, हे मला इचारू नगा. मला ठावं न्हाई. बॅटरीतलं मला काय कळतंय. बापानं पाळला म्हणून म्या पाळला, आन् मंगळवारी मी पुण्यात हुते, एवढं ठावं हाय.

सायेब टोपीवाला, पर मराठी बोलणारा. आधी त्याला वाटलं बाईसायेबच परीक्षा देणार. मी म्होरं झाले तसा त्यो हवालदाराकडं बघून हसला. मग गाडी चालवून दावली, वळवली, मागं घेतली, टांग्यांच्या गर्दीतनं नेऊन आणली. समदं झालं, तरी त्यो म्हणला, हँडल मारून इंजिन चालू करून दाखव. म्या म्हणलं सायेब, हिला हँडल न्हाई, इंजिन बी न्हाई. त्यो म्हणला, नियमात आहे, चालू करून दाखवायला लागतं, इंजिन नाही तर ही मोटार कसली. म्या म्हणलं, मोटार न्हाई म्हणता? मग लय बरं. ही मोटार न्हाई आन् हिला लायसन लागत न्हाई, आसं कागदावर लिहून द्या, खाली तुमची सही करा, मी जाते माझ्या गावाला, परत तुमाला तरास देत न्हाई.

हवालदाराचं हसू मिशीत आडकलं. सायबाचं तोंड लाल.  सायबानं गाडीभवती फेरी मारली, वाकून खाली बघितलं, मग बाईंना इंग्रजीत कायतरी इचारलं. बाईनं मराठीत सांगितलं, मला विचारू नका, ड्रायव्हर ती आहे. ड्रायव्हर म्हणली, ताई. आया न्हाई, मोलकरीण न्हाई. मला तितं रडू आलं आन् म्या पदरानं नाक पुसलं.

लायसन मिळालं. माझा अंगठा त्याच्यावर. बाबू भला, त्यानं टोपी काढली. म्या म्हणलं टोपी ऱ्हाऊ दे, ते सोल दे मला. त्यानं दिलं.

शेठनं शब्द पाळला, नवी बॅटरी आणली. मग दुसरी मोठी लढाई आली, पेट्रोल कुपनावर गेलं. शेठची मोठी गाडी आधी ठोकळ्यांवर चढली, मग कोळशाच्या धुरावर चालवायला तिच्या पाठीला शेगडी बसवली, सकाळी फुंकायला घ्यावी तर दुपारी चालती, बाबूचं तोंड काळं, मिशी जळल्याली. आन् माझी गाडी खंडाळ्यात एकटी फिरती, ठेसनावर, बाजारात, बाळंतिणींना दवाखान्यात, आबांना सुदीक नेलं त्यांच्या डोळ्यांसाठी. आबा काचंतनं बाहेर बघत बसलेले. उतरताना म्हणले, ठके, बरी चालवतीस. म्या म्हणलं, आबा, पाऊस बरा हाय न्हवं. तोंड फिरवून हसले.

पर खोटं सांगणार न्हाई. ती नवी बॅटरी बी म्हातारी झाली. लढाईत इलायतेवरनं नवी मिळंना, आन् गाडी रोज थोडी थोडी आखडत गेली, आधी कार्ला सुटलं, मग बाजार सुटला, मग बंगल्याच्या फाटकापातुरच. शेठ म्हणायचा ते बी खरंच हुतं, पेट्रोलवाल्याला पेट्रोल कुठं बी मिळतं, माझ्यासारख्याला सात समुद्रापलीकडं बघत बसावं लागतं. बाई गेली त्याच्या आदल्या दिशी म्या तिला फाटकापातुर फिरवून आणलं. म्हणली, ठकू, लांब गेलो ना आज. म्या म्हणलं, व्हय बाईसायेब, लय लांब.

गाडी तिनं माझ्या नावानं ठेवली. ह्यांनी बैल लावून भाज्याला वढून आणली, आन् तितं मातर म्या ते सोल वापरलं, बाबूचं. बैलानं वढायला माझी ना न्हाई, ते घरचे. सोल आता म्हशीच्या गळ्यात हाय, ती बघा तिकडं. आन् गाडी ही आंगणात, काचा पुसल्याल्या, कोंबडीला आत जाऊ देत न्हाई. लायसन दर साली नवं करून आणते, आगगाडीनं जाते पुण्याला. आता त्यो सायेब न्हाई, दुसरा हाय, त्यो म्हणला बाई, गाडी चालत न्हाई तर लायसन कशाला. म्या म्हणलं, गाडी थकलीया, मी न्हाई.

भंगारवाला येतो, शिशाचा भाव सांगतो. सोमवारी आला की सांगते, आज सोमवार, आज तिला हात लावायचा न्हाई. मंगळवारी आला की सांगते, उद्या ये. शेठनं निरोप धाडलाय की लढाई सरलीया, बोटी सुरू झाल्यात, चौकशी करतो. करंल न करंल. कंपनीचं पाणी हाय तितंच हाय, ईज पिकतीच हाय, आन् ती माझ्या बापाच्या खाचराची हाय, तिच्यावर एक गाडी चालवायचा माझा हक कुणी काढून घेत न्हाई. आता तुमी पुण्याला जाणार. देव तुमाला आपल्या हातानं चालवायची गाडी देवो, पेट्रोलची देवो न्हाई तर बॅटरीची देवो. पर आज जाऊ नगा, ऱ्हावा, भाकरी टाकते. आज सोमवार हाय, तुमी बी खांद्यावरची पिशवी खाली ठेवा.